मागच्या जन्माच्या ओळी

किहीमला श्रावणात वीज गेली की पंख्याच्या आवाजाखाली दडलेले बाकीचे आवाज एकेक करून वर येतात. पन्हळीतून हौदात पडणारं पाणी, सुपारीच्या वाडीतले बेडूक, चोंढीच्या वळणावर गिअर बदलणारी एसटी. सुरूच्या बनातला वारा तर समुद्रासारखाच वाजतो. बन कुठं संपलं आणि लाट कुठं सुरू झाली, हे रात्री नुसत्या कानांनी ठरवता येत नाही. अशा एका रात्री मी ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बॅटरी एक्केचाळीस टक्के, आणि पडद्यावर साडेअकरा हजार ओळी.

त्या ओळी एका नाखव्याच्या फोनमधून आल्या होत्या. आम्ही दोघातिघांनी मिळून भरती-ओहोटीचं एक छोटं ॲप केलं होतं. आपलं बंदर निवडायचं, की पाणी किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार, उधाण कधी, भांग कधी, ते दिसतं. खरं तर कोळ्याला याची गरज नसते. तिथी कळली की त्याला पाणी कळतं. पण तरुण पोरांनी फोनवर घेतलं, त्यांचं पाहून या नाखव्यानंही घेतलं. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद, त्यामुळे दोन महिने तक्रार नव्हती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या बाहेर पडल्या आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "ताय, तुमचा ॲप आत बंद परतो."

आत म्हणजे समुद्रात. घरी चालतं, जेटीवर चालतं, आत गेलं की बंद पडतं. कुठल्याही प्रोग्रामरला विचारा, "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य तो झोपेतही बोलेल. मीही बोलले. माझ्या फोनवर मी ते शंभरदा उघडलं आणि शंभरदा चाललं. फोन केबलने लॅपटॉपला जोडलेला असेल तर त्याच्या पोटात काय चाललंय ते ओळीओळीने वाचता येतं, पण माझी केबल एक मीटरची आणि नाखवा खांदेरीच्या पलीकडे. तेव्हा एकच उपाय उरला. ॲपनेच स्वतःची बडबड स्वतः टिपून ठेवायची आणि किनाऱ्याला लागल्यावर मला पाठवायची.

बडबड हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. फोनमधलं प्रत्येक ॲप काम करता करता काहीबाही पुटपुटत असतं. "फाइल उघडली." "पडदा दिसू लागला." "नेट नाही, नंतर बघू." ही पुटपुट वापरणाऱ्याला दिसत नाही. ती लिहिणाऱ्यासाठी असते, आणि लिहिणाराही ती संकट आल्याशिवाय वाचत नाही. प्रत्येक ओळीत तारीख, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ, ॲपच्या त्या वेळच्या प्रक्रियेचा क्रमांक, ओळीचं गांभीर्य सांगणारं एक अक्षर, कोण बोललं त्याची खूण आणि मग मजकूर. गांभीर्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: नुसती बडबड, तपासापुरतं, माहिती, इशारा, चूक. त्यांच्याही वर अँड्रॉइडने 'डब्ल्यूटीएफ' नावाची एक पायरी ठेवली आहे. तिचा कागदोपत्री विस्तार 'व्हॉट अ टेरिबल फेल्युअर' असा आहे, आणि तो कुणालाही खरा वाटत नाही. माझ्या स्वतःच्या ओळी याहून लाजिरवाण्या. रात्री दोनला लिहिलेली "इथपर्यंत आले". तिच्याखाली "अजून जिवंत". एका ठिकाणी नुसतंच "अरे देवा". ही वही कधी परक्याच्या हाती पडेल असं लिहिताना कुणाच्या मनात असतं?

ही पुटपुट फोनमध्ये कायम राहत नाही. तिच्यासाठी ठराविक जागा असते, पुष्कळ फोनांत एका वहीला २५६ किलोबाइट. वही भरली की सगळ्यात जुनी ओळ पुसून तिथे नवी येते. इंग्रजीत हिला गोल कडं म्हणतात, मला मात्र आमच्या वाडीतला रहाट आठवतो. भरलेलं गाडगं वर येतं, पाटात ओततं, रिकामं होऊन खाली जातं. त्या गाडग्यात मघाशी कुठलं पाणी होतं ते विचारायचं नाही. शिवाय ही वही एकट्या ॲपची नाही, साऱ्या फोनची सामाईक आहे. एखादं खेळाचं ॲप घसा फोडून ओरडत असेल तर माझ्या गरीब भरती-ओहोटीच्या ओळी तासाभरात वाहून जाणार. म्हणून गाडगं रिकामं व्हायच्या आत आपलं पाणी आपल्या हौदात वळवायचं. आपल्या ओळी तेवढ्या सतत एका फाइलीत उतरवत राहायच्या.

सामाईक वहीतल्या बाकीच्यांच्या ओळी मला दिसत नाहीत. पूर्वी दिसायच्या. परवानगी मागून कुठलंही ॲप साऱ्या फोनची वही वाचू शकत असे, आणि निष्काळजी प्रोग्रामर त्या वहीत लोकांचे फोन नंबर, पत्ते, कधी पासवर्डसुद्धा लिहून मोकळे होत. २०१२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.१ पासून ती वाट बंद झाली. साध्या ॲपने फक्त आपलंच बोलणं ऐकावं, असा दंडक आला. मला तो मनापासून पटतो. गावात ओटीवर बसलेल्या माणसाला चार घरांतलं भांडण ऐकू येतं म्हणून त्यानं ते वहीत उतरवू नये. पण या सभ्यतेची किंमत मोजावी लागते, ती कशी ते पुढे कळलं.

पकडायचं कसं, यावर आमच्यात वाद झाला होता. सोबत्याचं म्हणणं, फक्त चुकांच्या ओळी घ्याव्यात, बाकी कचरा कशाला? मी डोल जाळ्याचा दाखला दिला. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायचं, पाणी वाहील तसं त्यात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, पालापाचोळा, प्लास्टिक, सगळं येतं. निवडानिवड नंतर, किनाऱ्यावर, बायकांच्या हातांनी. आता या न्यायाला मासेमारीत दोष आहे, लहान पिल्लंही त्यातच मरतात, म्हणून तर जाळ्याचा आस मोठा ठेवा असं सरकार सांगत असतं. पण ओळींना पिल्लं नसतात. सोबती हसला आणि सगळं घ्यायचं ठरलं. तेवढा एक निर्णय बरोबर निघाला.

तर त्या रात्री साडेअकरा हजार ओळी. मी प्रथम चुकांच्या तेवढ्या गाळून काढल्या. नऊ उरल्या. त्यातली शेवटची प्राणघातक, आणि तिच्याखाली कारणही छापलेलं: बंदराचं नाव मागितलं, तिथे काहीच नव्हतं. रिकाम्या जागेला हात लावला म्हणून ॲप कोसळलं. त्या ओळीवर प्रक्रियेचा क्रमांक होता, ९१२७. मग शहाण्यासारखं मी फक्त ९१२७ च्या ओळी वेगळ्या केल्या. छत्तीस ओळी, सगळ्या एका सेकंदाच्या आतल्या. ॲप सुरू झालं, पडदा उघडला, बंदर विचारलं, मेलं. कुठेही बंदर निवडल्याची ओळ नाही. म्हणजे उघड होतं, नाखव्याने बंदर निवडलंच नव्हतं.

मी त्याला फोन लावला. रेंज होती.

"नाखवा, आधी बंदर निवडायचं असतं, मग पुढं जायचं."

"ताय, मी बंदर निवरला होता. थल."

"इथं तसं दिसत नाही हो."

पलीकडून थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू आला. मग तो म्हणाला, "बरा, उद्या परत निवरतो." त्या 'बरा'मध्ये राग नव्हता. शिकलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, एवढंच होतं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. फोन ठेवून मी लॅपटॉप मिटला आणि बॅटरी वाचवली.

किहीमपासून दहा-बारा किलोमीटरवर, अलिबागेत, चुंबकीय वेधशाळा आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं आणि खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या होत्या, म्हणून ती लक्षात राहिली. पृथ्वीचं चुंबकत्व क्षणोक्षणी किंचित हलत असतं, त्या हालचालीची ही वही. मुंबईत कुलाब्याला ती १८४१ पासून लिहिली जात होती. तेव्हा आपोआप नोंद घेणारी यंत्रं नव्हती, माणूस डोळ्यांनी वाचून आकडा मांडायचा, एरवी तासातासाला. पण सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासाची वाट पाहिली नाही. काटा चळला तसं ते मिनिटांच्या अंतराने वाचू लागले. त्या वादळाच्या मोजक्या नोंदींत कुलाब्याची वही आजही जगभर काढून पाहिली जाते. शांत वेळी कमी लिहावं, काही बिघडतंय असं दिसलं की लेखणी सोडू नये, हे आम्ही प्रोग्रामर हल्ली पायऱ्या-बियऱ्या पाडून करतो. त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केलं.

मग मुंबईत विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून वीज वाहणार, तिचं चुंबकत्व वेधशाळेच्या नाजूक काट्यांना खेचणार. शहराला हवी असलेली सोय वहीच्या दृष्टीने नुसता गोंगाट. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. गोंगाट गाळून काढता येत नसेल तर कान दुसरीकडे न्यावा, असं ठरून अलिबागेत नवी वेधशाळा उभी राहिली. चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड निवडून आणला, लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. ट्राम पुढे १९०७ मध्ये धावली. (तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं, १९८१ पर्यंत. म्हणजे वही कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यातच आली.)

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तिसरीच आहे. अलिबागचं काम सुरू झाल्यावर मुंबईची वही लगेच मिटली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलली की आकडा बदलणार, आणि मग साठ वर्षांच्या जुन्या वहीला नवी वही जोडायची कशी? दोन्ही काही काळ शेजारी ठेवल्या तरच दोहोंमधला फरक कळतो आणि धागा तुटत नाही. मूस यांनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी १९१० मध्ये दोन जाड खंडांत छापल्या. त्या साठ वर्षांकडे पाहायचीही एकच चाळणी नाही. सूर्याचा रोजचा परिणाम अभ्यासणारा महिन्यातले शांत दिवस निवडतो आणि वादळी दिवस टाकतो. वादळं अभ्यासणारा नेमके ते टाकलेले दिवस उचलतो. एकाचा कोंडा तो दुसऱ्याचा दाणा, वही मात्र तीच.

हे सगळं मला त्या रात्री सुचलं असं सांगायला आवडलं असतं. त्या रात्री मी चिडून झोपले.

सकाळी पाऊस उघडला होता. वाडीच्या कडेला, विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांना सुगरणींची घरटी लोंबत होती. किहीमच्या माणसाला सुगरण दिसली की सलीम अलींचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, ती आमची गावकी आहे. ते १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. नोकरी नाही, म्हणून बायकोसह ते किहीमला येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, कापडी आडोसा करून त्यांनी त्या पावसाळ्यात तासन् तास ती पाहिली. सुगरणींची वसाहत म्हणजे केवढा कलकलाट, ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. त्या कलकलाटातून त्यांनी वहीत जे उतरवलं त्यावर त्यांचं पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नाव झालं.

त्यांना काय दिसलं? नर घरटं अर्धं विणतो. मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पुरं करतो, नळी लावतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, तिथे दुसरी मादी येते. म्हणजे एकेका घरट्यावर नजर ठेवली तर काय दिसेल? एक नर, एक मादी, सुखी जोडपं. प्रत्येक घरटं हेच सांगेल आणि एकही खोटं बोलणार नाही. बहुपत्नीत्व घरट्यात दिसतच नाही. ते दिसायला घरटं सोडून नराच्या मागे जावं लागतं, या घरट्यातून त्या घरट्यात.

मी दात घासत होते. ब्रश तोंडात तसाच ठेवून आत धावले.

९१२७ हे घरटं होतं. प्रक्रियेचा क्रमांक ॲपचा नसतो, ॲपच्या एका जन्माचा असतो. ॲप मेलं आणि पुन्हा उघडलं की नवा क्रमांक. मी एका सेकंदाच्या जन्माची जबानी घेऊन निकाल दिला होता. पण फोन आपल्याला आपल्या ज्या ओळी वाचू देतो त्या ॲपच्या ओळखीवर देतो, जन्माच्या क्रमांकावर नाही. म्हणजे मागच्या जन्माच्या ओळी त्या साडेअकरा हजारांत होत्याच. मीच गाळल्या होत्या.

चाळणी काढली. पहाटे चार बारा, क्रमांक ८४३१, गांभीर्य 'माहिती', मजकूर: "बंदर निवडलं: थळ." त्याखाली तासदीड तास नीट चाललेलं काम. पाच सत्तेचाळीसला "पडदा झाकला गेला". मग काहीच नाही. अकरा मिनिटं कोरी. पाच अठ्ठावन्नला ९१२७ चा जन्म, आणि त्याच सेकंदात मृत्यू.

त्या अकरा मिनिटांत काय झालं ते माझ्या वहीत असणं शक्यच नव्हतं. फोनमधली मेमरी कमी पडली की झाकलेल्या ॲपला यंत्रणा मारून टाकते, न सांगता, शेवटची ओळ लिहायला सवड न देता. "अमक्याला मारलं" अशी ओळ यंत्रणा स्वतःच्या वहीत लिहिते, ती मला वाचायची बंदी. सभ्यतेची किंमत म्हणाले होते ती ही. आपल्याला कुणी मारलं हे आपल्या रोजनिशीत मिळत नाही. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून ॲपला पुढच्या जन्मी विचारता येतं की मागच्या वेळी मी कशाने गेले, पण नाखव्याचा फोन त्याआधीचा. मग जिवंत माणसालाच विचारलं. "पावणेसहाला काय करत होतात?" तो म्हणाला, जाळा काढला, फोटो मारला. पकडीचा फोटो काढून ठेवायचा, रेंज आली की व्यापाऱ्याला धाडायचा, हे रोजचं. दोन जीबीच्या जुन्या फोनवर कॅमेरा उघडला की तो सगळी मेमरी मागतो, आणि गरीब बिचारं भरती-ओहोटी बाजूला बळी जातं. परत येऊन त्याने ॲप उघडलं की फोन मोठ्या प्रेमाने तोच पडदा समोर मांडतो, जणू काही घडलंच नाही. पण निवडलेलं बंदर मी फक्त स्मरणात ठेवलं होतं, कुठे लिहून ठेवलं नव्हतं. नव्या जन्मात स्मरण कोरं. जेटीवर कुणी मासळीचा फोटो काढत नाही, म्हणून जेटीवर चालत होतं.

दुरुस्ती दोन ओळींची. बंदराचं नाव फोनच्या साठवणीत लिहायचं, आणि पुन्हा उघडल्यावर तिथून वाचायचं. ती करायला चार मिनिटं लागली. नाखव्याला सांगायचं धाडस करायला संध्याकाळ झाली.

तो किनाऱ्यावर उलथ्या होडीला टेकून जाळ्याचे फाटके आस शिवत बसला होता. मागे खांदेरीचा दिवा अजून लागला नव्हता. मी त्याच्यासमोर फोन धरला आणि ती ओळ दाखवली. "नाखवा, तुम्ही निवडलं होतं. चार वाजून बारा मिनिटांनी. माझं चुकलं."

त्याने हात लुंगीला पुसले, फोन डोळ्यांपासून लांब धरून ओळ वाचली. आकडे वाचले, थळ वाचलं. विजयाचा आनंद वगैरे काही नाही. बोट आकड्यांवर ठेवून म्हणाला, "म्हैना हाय, दिवस हाय. साल कुटं हाय?"

मी पाहिलं. खरंच नव्हतं. रोज वाचते, इतकी वर्षं वाचते, पण या ओळींत साल छापत नाहीत हे मला कधी खटकलं नव्हतं.

"नसतंच," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला, आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली. "अष्टमीला पन साल नसता."